इंजिनाचा पोळा

आमची संत्र्याची बाग मोर्शीजवळ होती. माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन बसलं. ते आधी पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की घासलेटावर चालवायचं. अमरावतीहून मिस्तरी आला होता. त्याने दोन दिवस ह्यांना सगळं शिकवलं. मी निंबाखाली तूर निवडत बसले होते आणि ऐकत होते. चौथीपर्यंत शिकलेली असल्याने मिस्तरीने दिलेला मराठी कागदही मी वाचला. ह्यांनाही वाचता येत होतं, पण ते कागद वाचणाऱ्यांतले नव्हते.

कामाची वाटणी कोणी केली नाही, ती झाली. पेट्रोल कापडातून गाळून घ्यायचं, आणि गाळणं बाईचं काम. हवेची जाळी घासलेटात धुवायची, धुणंही बाईचं. कंदिलाच्या काचेची काजळी मी पुसत होते, म्हणून प्लगची काजळीही माझ्याकडे आली. प्लगची फट दुमडलेलं पोस्टकार्ड जाईल एवढी ठेवायची असते. काळं झालेलं तेल इंजिन गरम असतानाच सोडायचं आणि नवं भरायचं. दोरी ओढून इंजिन सुरू करणं पुरुषांकडे राहिलं. आमचं इंजिन पुरुष चालवतात असं गावात म्हणत, ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "वर्षभर पानी त्यानं ओढलं. बैलाले तूप अन् त्याले काही नाही?"

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ते पटलं. पण इंजिनाला खांदा कुठे असतो यावर बराच वेळ गेला. हे म्हणाले, "बाबा, त्याले खांदाच नाही." मामाजी म्हणाले, "काम करते त्याले खांदा असतेच." शेवटी त्यांनी मोठ्या चाकाला खांदा ठरवलं. चाकात एक छोटी खिडकी असते, तिच्या आत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो असतो. मामाजींनी हळद कालवलेलं तूप चाकाला भरपूर चोळलं आणि आत्याबाईंनी बैलांना म्हणतात तसं इंजिनाला म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी मामाजींनी त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं, पुरणपोळी ठेवली आणि सांगितलं, "पूजेचं हाये. कोनी पुसाचं नाही."

मी पुसलं नाही.

पाऊस त्या साली दिवाळीपर्यंत रेंगाळला, इंजिन लावायची गरजच पडली नाही, मग बागेला ताण दिला. ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाडं पानं गाळतात, आणि नेमक्या वेळी पाणी दिलं की फुलतात. वेळ चुकली तर बहार जातो आणि झाडही वाळतं. आमचं वर्ष त्या बहारावर होतं. संक्रांत झाली, पाणी सोडायचा दिवस आला, आणि इंजिन सुरू होईना.

हे दोरी ओढून थकले, मग मामाजींनी ओढली. दोन दिवस तेच चाललं. मिस्तरीकडे माणूस पाठवला. तो म्हणाला, आठ दिवसांनी येतो. मोट लावावी तर तिचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. मामाजी एकेका झाडाची काडी मोडून पाहत होते. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या काड्या कटकन मोडत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि ह्यांना दोरी ओढायला सांगितली. ठिणगी पडली नाही. प्लग मी आदल्याच दिवशी साफ केला होता.

"तूप आत गेलं असंन," मी म्हणाले.

"बाबाले कोन सांगंन?"

"तुमी."

"मी नाही सांगत बाप्पा. तूच सांग."

मी मामाजींशी कधी बोलले नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नसे. मामाजी चार हातांवर, आत्याबाई मध्ये उभ्या. मी पदर पुढे ओढला आणि आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, बैलाले तूप पचते. याले नाही पचलं."

"ती म्हनते, तूप पचलं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"आयकू आलं मले," मामाजी म्हणाले. "तिले इचार, चूक कोनाची?"

"चूक कोनाची, इचारते," आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या.

"कोनाचीच नाही म्हना. जेवन जास्त झालं."

मामाजींनी हातातली मोडकी काडी खाली टाकली. मग म्हणाले, "तिले म्हन, काय पुसाचं ते पुस. मी पाहून नाही राहिलो." आणि खरंच विहिरीकडे तोंड करून बसले.

खिडकीतून पाहिलं तर तूप हळदीसकट घट्ट बसलं होतं, त्यात मेलेल्या मुंग्याही होत्या. खाली जिथे ठिणगी तयार होते त्या दोन टोकांवर गंज होता. मी काडीने तूप काढलं, पेट्रोलच्या चिंधीने पुसलं, टोकांवर बारीक काचपेपर फिरवला आणि वाळू दिलं. प्लग टेकवला. ह्यांनी दोरी ओढली, निळी ठिणगी पडली. प्लग बसवल्यावर चौथ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

पाटात पाणी आलं तसे सगळे फावडी घेऊन धावले. मी चिंध्या गोळा करत होते. मामाजी उठले, बागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोपऱ्यातल्या झाडाईले आधी लाव," ते म्हणाले. मध्ये आत्याबाई नव्हत्या.

मी फावडं घेतलं आणि पाणी कोपऱ्याकडे वळवलं. महिन्याच्या आत बाग फुलली. कोपऱ्यातली पाच झाडं मात्र गेली.