सुशीलेला भेटायला घोडनदीला

दौंडला उतरले तेव्हा इंजिनाच्या कोळशाने माझी पांढरी साडी करडी झाली होती. इथल्या रेल्वे क्लबात लाकडी जमिनीचा हॉल आहे. तिथल्या मुलांना स्केटिंग शिकवायचं काम सोमवारपासून होतं. पण मी दोन दिवस आधीच आले होते, कारण मला शिरूर गाठायचं होतं.

चाकांचे बूट घालून मी सात वर्षं मुंबईत स्पर्धा खेळले. संगीतावर गिरक्या, उड्या, एका पायावर तोल. पहिला नंबर कधी आला नाही. गुडघा गेल्यावर शिकवू लागले, तेव्हा सुशीला भेटली. शिरूरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांची मुलगी, मुंबईत मावशीकडे राहणारी. तिची उडी पाहून वाटलं, माझा राहिलेला नंबर ही आणील. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती पडली, कमरेखालची ताकद गेली. घरचे तिला घेऊन गेले. दोन वर्षं मी पत्रं पाठवत होते. शेवटच्या पत्रात दौंडच्या या कामाचंही लिहिलं होतं. उत्तर एकाचंही नव्हतं.

एस.टी.त कंडक्टरने माझी पिशवी उचलली. "बाई, लोखंड भरलंय का काय?"

मी बूट दाखवले. शेजारचे आबा चाक फिरवून बघत म्हणाले, "ह्यावर मानूस चालतंय व्हय?"

"चालत नाही आबा, धावतं."

"आन् पडलं म्हंजी?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. न्हावऱ्याच्या अलीकडे इंजिन तापलं, तासभर बाभळीखाली बसलो. कापलेल्या ज्वारीची धसकटं, त्यापलीकडे पुन्हा धसकटंच. शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात. नदीत वाळू होती, मधोमध पाण्याची एक रेघ.

घर चर्चच्या मागे होतं. मास्तर शाळेत गेले होते. मी नाव सांगितलं तशी सुशीलेची आई बाजूला झाली. "या. उन्हाचं आलात."

सुशीला खाटेवर बसून सदऱ्याला काजं करत होती. पायांवर चादर.

"पत्रं मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली. सगळी वाचली. काय लिहायचं, बाई?" तिने सुई थांबवली. "त्या दिवशी मी म्हणाले होते, पाठ दुखतीय, आज उडी नको. आठवतं?"

आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, एकदाच."

आई ताट घेऊन दारात उभी होती. "हे आम्हाला कवा बोलली न्हाई ही," ती हळू म्हणाली. "माझ्याच चुकीनं पडले, म्हणायची."

ती आता शिव्या देईल, हाकलून देईल, असं वाटलं. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. "जेवून घ्या. चारची गाडी हाय."

शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, रश्शात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी होती. मी सगळं खाल्लं. दुसरं काय करावं ते सुचेना.

"दौंडची मुलं लहान आहेत?" सुशीलेने विचारलं.

"आठ-दहा वर्षांची."

ती पुन्हा काज घालू लागली.

दौंडला परतल्यावर मी क्लबच्या सेक्रेटरींना सांगितलं, मला जमणार नाही. "अहो, पोरं केव्हाची वाट बघतायत," ते म्हणाले. सकाळच्या गाडीने मी निघाले. शिकवणं सुटलं ते कायमचंच; त्याने सुशीलेच्या पायांत बळ आलं नाही. पुणं मागे पडलं, घाट उतरला, आणि कल्याणच्या सुमारास ध्यानात आलं की जे बोलायला एवढ्या लांब गेले होते, ते ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मी तिथे उच्चारलेच नव्हते.