पापण्यांचा पुरावा

तो अपघात मी अजून विसरलेलो नाही. अकोल्याहून अमरावतीला निघालेली एक खासगी बस भर दुपारी आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एका पिकअपवर मागून आदळली. अकोल्याला संत्री उतरवून घरी परतणारा शेंदूरजनाघाटचा तरुण पिकअपचालक जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी बस कंपनीचा मॅनेजर लॅपटॉप घेऊन ठाण्यात हजर. बसमध्ये चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा होता. पापण्या मिटू लागल्या की तो बीप वाजवतो आणि तशी नोंदही ठेवतो. पडद्यावरची नोंद स्पष्ट होती : धडकेआधी चालकाचे डोळे मिटलेले.

"आता आणखी काय पाहिजे, साहेब?" मॅनेजर म्हणाला. वरिष्ठांचाही फोन आला : चालकावर दोषारोपपत्र पाठवा, मोकळे व्हा.

चालक अकोल्याचा, पन्नाशीतला. जन्मापासून दोन्ही पापण्या जड, अर्ध्या खाली उतरलेल्या. कितीही फिरवून विचारलं तरी त्याचं उत्तर एकच.

"ब्रेकच लागला नाही, साहेब. लायसन घ्या, जेलात टाका. पन झोपलो होतो असं मी लिहून देनार नाही."

त्याच संध्याकाळी चांदूर बाजारच्या एका बाईंचा फोन आला. त्या बसमध्ये चालकाच्या मागेच बसल्या होत्या. "तो मानूस जागा होता. ब्रेकवर उभा राहून 'धरा, धरा' ओरडून राहिला होता. मले कोनी विचारलंच नाही, म्हनून मीच फोन केला."

मी वरिष्ठांना सांगितलं, पडताळणी झाल्याशिवाय सही करणार नाही.

"यंत्र खोटं बोलतं का?"

"ते अजून कोणी तपासलेलं नाही, सर."

तोच कॅमेरा लावलेली कंपनीची दुसरी बस ठाण्याच्या आवारात आणवली. पंचांसमोर चालकाला सीटवर बसवलं आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावल्या. तो एकेक पाटी वाचत होता आणि यंत्र बीप वाजवून तो झोपल्याचं सांगत होतं. त्याच्या जागी मी बसलो, तर यंत्र गप्प. मी डोळे मिटले तेव्हाच वाजलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. या माणसाचे उघडे डोळे कसे दिसतात, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग मॅनेजरला समोर बसवलं. "याच्या गाडीत रोज बीप वाजत होता?"

"हो. आम्ही आवाज बंद करून ठेवला."

"आणि ब्रेकची तक्रार?"

"केली होती त्यानं. आम्ही म्हटलं, एवढी फेरी करून ये."

मोटार वाहन निरीक्षकांनीही ब्रेकची हवेची नळी आधीपासून गळत असल्याचा अहवाल दिला. मालक आणि मॅनेजर आरोपी झाले, चालक साक्षीदार.

मयताची बायको ठाण्यात आली होती. "झोपेनं मारलं का माह्या मानसाले?"

"नाही, ताई. ब्रेक गळतो हे माहीत असून ज्यांनी गाडी काढायला लावली, त्यांनी."

"मंग त्याईले सोडू नका."

"नाही सोडणार," मी म्हणालो आणि सोडलं नाही.

ते यंत्र वाईट आहे असं मी कधीच म्हणालो नाही. नीट बसवलं तर जीवही वाचवेल. पण नोकरीभर मी पुढाऱ्यापासून पाकीटमारापर्यंत प्रत्येकाचा जबाब पडताळला. लॅपटॉपमधून आला म्हणून एकाच जबाबाला सूट का द्यावी? वर्दी उतरली, तरी हे म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. माणसाला खोटं पाडायचं असेल, तर आधी त्याला त्या सीटवर बसवून बघा.