निर्जंतुक चीक

एका वासराचा जीव वाचवण्याच्या भरात मी तो जवळजवळ घेतला होता, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे उद्या कुणी मला भूतदयेचं मानपत्र द्यायला निघालंच, तर त्यांचा हार फुकट जायला नको.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. तेव्हा गंगापूर रोडवर घरं कमी आणि मळे जास्त होते, आणि परसात गोठा असला तर कुणी नाक मुरडत नसे. आमची गाय गोदी सासूबाईंनी दिंडोरीकडच्या त्यांच्या माहेराहून आणलेली. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मला गायीतलं ओ की ठो कळत नाही, याबद्दल सासूबाई, आमचे हे आणि स्वतः गोदी या तिघांचं एकमत होतं.

आदल्या खेपेला गोदीचं वासरू दगावलं होतं. व्यायल्यावर गायीची वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही सासूबाईंच्या माहेरची रीत. वार पडायला संध्याकाळ उजाडली. (संध्याकाळ मावळते, उजाडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती येता येत नव्हती.) तोवर वासरात चोखायचीही ताकद उरली नाही. तिसऱ्या दिवशी ते सासूबाईंच्या मांडीवर गेलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

"पुढल्या खेपेला बी असंच झालं, तर गोदीला भावाकडं धाडून देईन," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात तिचं लेकरू जगत नाय."

हे बोलताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी अभ्यास करते!

पंचवटीत जनावरांच्या डॉक्टरांचं एक दिवसाचं शिबिर होतं. मी वही घेऊन पहिल्या रांगेत. आजूबाजूला सगळे मिशावाले शेतकरी, आणि मध्ये मी, पर्स मांडीवर! घरी येऊन मी जाहीर केलं की गोदी आता डॉक्टरांच्या इंजेक्शननेच भरवायची, जातिवंत वळूचं बीज.

"म्हंजे बैल येणारच नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. डॉक्टर येतील, सायकलवर."

"आसंल बाई. पण गोदीला सांगितलंस का?"

गोदी गाभण राहिली. मी लगेच मोठा तक्ता तयार केला. गाभण गाईचा खुराक, कोरडी बिछायत, नाळेला आयोडीन, आणि लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'पहिल्या तासात चीक! वारेची वाट पाहू नये!' पहिल्या दुधातच वासराला रोगाशी झगडण्याचं बळ मिळतं, हे मी सासूबाईंना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी त्या म्हणाल्या, "पटलं! तासाभरात पाजू. पर तू आता गप बस." तक्ता मी कणकेच्या खळीने गोठ्याच्या भिंतीला चिकटवला. गोदीने तो दोन दिवसांत खाऊन टाकला. घरात माझं ज्ञान पूर्णपणे पचवणारी ती एकटीच.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली मास्तरीण! मी शाळेत सगळ्या शिक्षिकांना खरवसाचं आमंत्रण देऊन ठेवलं. वासराचं पोट भरून उरेल त्या चिकाचा, अर्थात! मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना तर दोनदा आठवण करून दिली. शेजारच्या कमलताईंनी स्वतःच डबा आणून दिला, झाकणावर नाव घालून.

आणि एका रविवारी सकाळी गोदी व्यायली. कालवड! कपाळावर पांढरा टिळा, पाय लांबच लांब. सासूबाईंनी गोणपाटाने तिचं अंग पुसलं, आणि तिला कासेकडे ढकलणार तोच मी ओरडले, "थांबा! आधी वजन!"

"वजन? कशापायी?"

"वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पाजायचा असतो, आई."

"आगं, तिला कळतंय ना पोट भरलं का नाय ते!"

पण माझ्या वहीत तसं नव्हतं. हे रद्दीवाल्याकडे धावले आणि त्याचा ताणकाटा घेऊन आले. कालवडीला चादरीत बांधून काट्याला टांगलं. काटा एकदा पंधरा दाखवायचा, एकदा पस्तीस, कारण ती आत लाथा झाडत होती. तेवढ्यात चादर फाटली. वजन 'मध्यम' असं मी वहीत लिहिलं.

"आता तरी लावू का तोंडाला?" सासूबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही! सडांवर जंतू असतात. अहो, तुम्ही चीक काढा. मी तो निर्जंतुक करून बाटलीने पाजते."

"नऊ महिने ती गोदीच्या पोटात व्हती," सासूबाई म्हणाल्या. "तिथं कोण उकळीत व्हतं गं?"

पण तासाभराच्या नियमावरून मीच त्यांचं डोकं उठवलेलं. वाद घालत बसलं तर तास उलटेल, म्हणून बिचाऱ्या बाजूला सरकल्या. ह्यांनी तीन सड पिळून पितळी पातेलं भरलं. चौथ्याला हात घातला तशी गोदीने अशी लाथ हाणली, की हे थेट शेणात! मी ते पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. प्रयोगाला गर्दी चालत नाही.

स्टोव्हला पंप मारला. पातेलं वर ठेवलं. पिवळाधमक चीक, माझी कालवड, माझं शास्त्र! ढवळताना डोळ्यांत पाणी आलं.

मग ढवळेना.

प्रथिनं उष्णतेने गोठतात हे मी सातवीला दर वर्षी शिकवायचे, उकडलेलं अंडं हातात धरून. ते जाऊ द्या. चीक तापवला की त्याचा खरवस होतो, हे नाशकात शेंबडं पोरसुद्धा सांगेल! मी स्वतः बत्तीस माणसांना त्याचंच आमंत्रण दिलं होतं! आणि तो मी जंतू मारायला रटरटा उकळला. पळी मधोमध ताठ उभी राहिली.

मी रवीने घुसळला. पाणी घातलं. मलमलीतून पिळला. बाटलीच्या तोंडातून एक गोळा ढकलून पाहिला. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं, झालं का? ती मान टाकतेय!"

गेल्या वेळचं ते वासरू, सासूबाईंची मांडी, सगळं डोळ्यांसमोर आलं. या वेळी रीतीला दोष देता येणार नव्हता. मी दार उघडलं आणि रडतच गोठ्याकडे धावले. "आई, मी सगळा चीक घालवला हो!"

गोठ्यात सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. एका हाताने कालवडीची हनुवटी धरलेली, दुसऱ्या हाताने चौथा सड तिच्या तोंडात दिलेला. पहिल्यांदा ती नुसतीच लोंबकळली. मग जीभ हलली. मग चुक, चुक, चुक! गोदीने पान्हा सोडला, पोरगीने कासेला धडक मारली, आणि शेपटी हलायला लागली. मी तिथेच शेणात बसले, ह्यांच्या शेजारी.

"किती वाजलं?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी घड्याळ पाहिलं. तासाला पाच मिनिटं कमी होती.

"बसली बघ तुझ्या तासात," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने त्यांनी आधी कालवडीचं तोंड पुसलं, मग माझं. पदर तोच.

इतक्यात फाटक वाजलं. मोठ्या बाई आणि मागे अख्खी शिक्षकखोली, डबे घेऊन! कमलताईंनी गावभर दवंडी पिटली होती. पाहुण्यांना काय सांगणार? सासूबाईंनी पातेल्यातले ते पिळलेले, घुसळलेले गोळे बश्यांत काढले आणि वर साखर भुरभुरली. मोठ्या बाईंनी चव घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "वेगळाच पोत आलाय. काही खास पद्धत आहे का?"

"शास्त्रीय हाय," सासूबाई म्हणाल्या.

कालवड जगली, वाढली, तिचीही पुढे वेतं झाली. गोदीला भावाकडे धाडायचं नाव सासूबाईंनी पुन्हा काढलं नाही. आणि माझी कीर्ती अशी पसरली, की आसपास कुणाचीही गाय व्यायला आली की माणूस आधी माझ्याकडे धावत येई. मी वही घेऊन निघाले की सासूबाई दारातच म्हणत, "सुमन, आधी पंचवटीतून चांगला गूळ आण बाई. बाळंतिणीला लागतो. नीट पारखून आण, घाई करू नको." माझ्यावर केवढा हा विश्वास! मी उन्हातान्हात जायचे, दहा दुकानं पालथी घालायचे, आणि परत यावं तर गाय मोकळी झालेली असायची, वासरू दूध पिऊन झोपलेलं.

पुढच्या सगळ्या वर्षांत आमच्या वस्तीत एकही वासरू दगावलं नाही. हे माझ्यामुळेच घडलं, असं सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या. आणि खरंच होतं ते. दर वेळी मी पंचवटीत होते!