पाठ ओळखणारे चुलत सासरे

माझ्या चुलत सासऱ्यांनी जन्मात कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची सारी ओळख माणसांच्या पाठीशी. निजामाच्या राज्यातल्या पुसेगावात त्यांची तालीम होती. सरकारी अंमलदार आला तरी हे मागून जाऊन त्याचे फरे, म्हणजे खांद्यामागची दोन पसरट हाडं, न्याहाळत आणि "सायबाचा डावा फरा झोपला" असा निकाल देत. बैल आणायला बाजारात गेले, तर विकणाऱ्याची पाठ पाहून रिकामे परत. तालमीत दोर ओढणाऱ्या गड्याला फऱ्यांमध्ये लिंबू धरायला लावत. ते पडलं की त्या दिवशी त्याचं दूध बंद.

मी लग्न होऊन आले आणि घरचं पाणी माझ्याकडे आलं. विहीर खोल. महिन्याभरात उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिसांत हात चालला न्हाई तर माहेरी धाडू. पाणी कोण शेंदल?" मी फार घाबरले. अशा धाडलेल्या सुनांना परत आणायची कुणाला घाई नसे.

हे चुलत सासऱ्यांच्या कानावर गेलं. पण सुनेशी बोलणार कसं? दुसऱ्या दिवशी ते उघड्या अंगानं विहिरीपाशी आले, मर्यादा म्हणून माझ्याकडे पाठ केली, कडुलिंबाच्या फांदीवरून दोर टाकून त्याला दगड बांधला आणि झाडालाच शिकवू लागले. "लिंबा, खांदे कानाला काहून लावून राहिला? मानेला तकलीफ होते. आधी फरे खाली घे, मंग जवळ आन, मंग कोपर बरगडीला घासून मागं. हात म्हंजी नुसता दोर अडकवायचा आकडा. वढते ती पाठ." आणि मला पाहायची होती ती पाठच समोर होती. आधी फरे सरकत, मग काखेमागचं रुंद मांस आवळून येई. दंड आपले निवांत. मी तसंच करून पाहिलं, आधी रिकामा पोहरा, मग अर्धा. लिंबाची शिकवणी रोज झाली. पंधराव्या दिवशी मी भरलेला पोहरा वर आणला. सासूबाईंनी रिकामी घागर पुढं सरकवली.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी ते खाटेला लागले. खाट विहिरीसमोरच्या ओसरीत. पोटचा मुलगा पुढ्यात बसला तरी विचारत, "कोन तुमी?" एका सकाळी मी पाणी शेंदत होते, तर मागून आवाज आला, "ही आमची सून. फरे बराबर हायेत."

मला फार वाटलं, एकदा वळून त्यांना तोंड दाखवावं. पण वळले नाही. पोहरा अजून वर यायचा होता आणि ते पाहत होते.