अकरा महिने आणि एक घोट

आमच्या चर्चच्या मंडळीत लोक प्रभूच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहतात तेव्हा शेवट बहुधा गोड असतो. आजारी माणूस उठलेला असतो, रुसून गेलेला परत आलेला असतो. माझ्या साक्षीचा शेवट तसा नाही, म्हणून चार वर्षं मी ती कुणाला दिली नाही. प्रभूनं मदत धाडली का, असं विचाराल तर मी हो म्हणेन. पण ती आली तेव्हा उशीर झाला होता, आणि तो उशीर माझा होता.

शमुवेल माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील शाळामास्तर आणि गावच्या मंडळीचे वडीलजन. दारू म्हणजे सरळ पाप, थेंबसुद्धा पाप, असं त्यांचं मत होतं आणि तेच माझंही झालं. आईवडील गेल्यावर मी शमुवेलला पिंपरीला माझ्या घरी आणलं. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला. हात चांगला होता त्याचा. लग्नही झालं. मग शिफ्ट सुटली की दोस्तांबरोबर बसू लागला, पुढं शिफ्टच्या आधीही. कंपनीनं काढलं. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. कुणी म्हटलं की हा आजार आहे, तर मला राग यायचा. आजार असता तर पश्चात्ताप कशाचा करायचा?

एके दिवशी त्यानं दारू सोडली. माझ्या प्रार्थनेनं सोडली, असं मी चारचौघांत सांगायचे. खरं तर दापोडीला एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेली माणसं आठवड्यातून तीनदा जमायची, तिथं तो जायचा. प्रभू असताना त्या खोलीत काय ठेवलंय, असं मी एकदा विचारलं. तो हसला. म्हणाला, "अक्का, तिथं मला कुणी पापी म्हणत नाही. दारुडा म्हणतात. ते खरं आहे ना."

अकरा महिने तसे गेले. एका वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालं, अंगावर मांस चढलं, माझ्या मुलींना तो गणित शिकवू लागला. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि जुन्या रीतीप्रमाणं प्याल्यात खरा, आंबवलेला द्राक्षारस, म्हणजे वाइनच असते. शमुवेल भाकर घ्यायचा आणि प्याला जवळ आला की मान खाली घालायचा. पाळकसाहेब समजून पुढं सरकायचे. लोक मात्र समजले नाहीत. एका रविवारी उपासना सुटल्यावर एका वयस्कर बाईंनी मला दारातच गाठलं. "भावाचं मन अजून शुद्ध झालं नाही वाटतं?" माझे यजमान तेव्हा मंडळीच्या पंचकमिटीवर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्या आल्या मी विषय काढला. भाकरी थापत होते. त्याच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

"प्रभूचा प्याला नाकारतोस तू. लोक काय बोलतात, ठाऊक आहे का?"

"अक्का, मला एक घोटसुद्धा चालत नाही."

"ती काय गुत्त्यावरची दारू आहे? विश्वास असेल तर काही होत नाही. आणि नसेल, तर अकरा महिने नाटक केलंस म्हणायचं."

तो जेवला आणि ताट धुऊन ठेवलं.

पुढच्या महिन्यात त्यानं प्याला घेतला. घेताना पाळकसाहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आपण जिंकलो. त्या दुपारी मी गोड केलं होतं.

गुरुवारी तो कामाला म्हणून गेला आणि घरी आला नाही. फोन बंद. दापोडीच्या खोलीतली दोन माणसं शोधायला आली, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. घरची अब्रू बाहेर जायला नको होती. दहाव्या दिवशी कुणीतरी त्याला चाकणला पाहिल्याचं कळलं. यजमान म्हणाले, "जाऊ दे, शुद्धीवर आला की येईल." मी एकटीच सकाळची बस धरली.

चाकणला दारूची दुकानं कमी नाहीत. एकेका दुकानासमोर मी उभी राहायचे आणि आत डोकवायचा धीर व्हायचा नाही. त्या दारात पाऊल ठेवणंही पाप, असं लहानपणापासून शिकलेली बाई मी. ऊन चढलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रार्थना करू गेले तर शब्द सुचेनात. एरवी माझ्या प्रार्थना लांबलचक असतात, बाया नावाजतात. त्या दिवशी एवढंच निघालं: "प्रभू, मला तो सापडत नाही."

तेवढ्यात कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो शेजारी थांबला. पांढरी टोपी घातलेले साठीचे गृहस्थ खाली वाकून विचारत होते, "कुणाला हुडकताय, ताई? दारूच्या दुकानापुढं उन्हात उभ्या हायसा."

मंडळीत ज्याचा ब्रही काढला नव्हता, ते सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. प्याल्याचंसुद्धा. त्यांनी इंजिन बंद करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्या बी लई पिलोय. बसा गाडीत. आत मी जातो, तुमी येऊ नका."

चौथ्या दुकानात पत्ता लागला. एका गोदामाच्या मागं, भिंतीला टेकून शमुवेल पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, शर्टावर रक्त ओकलेलं. त्या गृहस्थांनी निम्म्या गोण्या तिथंच रस्त्यावर उतरवल्या आणि उरलेल्यांवर त्याला निजवलं.

"कांदा नेईल की हो कुणी," मी म्हणाले.

"न्हेऊ द्या."

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखल करेपर्यंत ते थांबले. बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. बबनराव त्यांचं नाव, राजगुरुनगरकडचे शेतकरी. मी हात जोडून म्हटलं, "प्रभूनंच तुम्हाला पाठवलं."

ते जरा अवघडले. "या रस्त्यानं मी येतच न्हाई, ताई. आज तिकडली वाट खणून ठिवली व्हती म्हनून वळलो. कुनी वळवलं, ते मला ठाव न्हाई." मग टोपी सारखी करून निघून गेले.

शमुवेल नऊ दिवस जगला. लिव्हर जुन्या पिण्यानं आधीच पोखरलेलं होतं, या दहा दिवसांत पार गेलं. पाचव्या दिवशी त्याचं डोकं साफ होतं, तेव्हा मी त्याच्या पायाशी बसून क्षमा मागितली. वाटलं होतं, तो नाही नाही म्हणेल, मला हलकं करील. तसं झालं नाही.

"तुझ्यामुळं नाही प्यालो, अक्का," तो सावकाश म्हणाला. "प्यायचं तर मला रोजच असायचं. मी रोज कारण शोधायचो आणि सापडायचं नाही. तू दिलंस."

थोड्या वेळानं त्यानंच माझा हात धरला. क्षमा केली, असं तोंडानं म्हणाला नाही. हात मात्र सोडला नाही.

दफनानंतर मी पंचकमिटीपुढं गेले. म्हटलं, प्याल्यात मनुका उकळून त्याचं पाणी ठेवा, कितीतरी मंडळ्या ठेवतात. एक पंच म्हणाले, काना गावच्या लग्नात प्रभूनं स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला. दुसरे म्हणाले, शास्त्र झिंगू नका म्हणतं, घेऊ नका म्हणत नाही. ही दोन्ही वाक्यं मला पाठ होती. "एका माणसासाठी मंडळीची रीत कशी बदलायची?" असं यजमानच म्हणाले. मी विचारलं, "एकच आहे, हे कुणी बघितलंय?" रीत आजही तीच आहे.

शमुवेलच्या त्या बोलण्याची कडू चव माझ्या तोंडातून गेलेली नाही, आणि ती जावी असं मी मागतही नाही. पण त्या दिवशी तो टेम्पो वळला नसता, तर माझा भाऊ त्या भिंतीशी एकटा गेला असता आणि खरं काय ते मला कधी कळलं नसतं. मला त्याचं आयुष्य हवं होतं, मिळाले नऊ दिवस. त्या नऊ दिवसांसाठी मी देवाचे आभार मानते. मनापासून मानते, कधी रडत, कधी रागानं. आता प्रार्थनेत मी प्रभूला उपाय सुचवत नाही. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घेते आणि गप्प बसते.