शेंगोळ्यांचं पाणी

कुळथाच्या शेंगोळ्यांसाठी लसणाची फोडणी तडतडली की मला लातूरचं ते दुष्काळाचं साल आठवतं. आईच्या सगळ्या पाककृती कम्प्युटरवर नीट लावून ठेवायच्या म्हणून मी भराभर टाइप करत होते, पण कान टँकरच्या हॉर्नकडे होते. आई दाराशी रिकाम्या घागरी मांडत सांगत होती. ‘‘पाणी किती?’’ मी विचारलं. ती थबकली. ‘‘औंदाचं सांगू का नेहमीचं?’’ ‘‘आत्ताचं सांग गं, लवकर!’’ ‘‘मंग दोनच गिलास लिही.’’ तेवढ्यात हॉर्न वाजला आणि आम्ही घागरी घेऊन पळालो. आता नळाला पाणी येतं, ती फाईलही उघडते, पण त्यात बघून केलेले शेंगोळे घट्टच होतात. मी स्वतःवरच चिडते. आई होती तोवर नेहमीचं पाणी विचारायचं राहूनच गेलं.