सूतभर काकाचा फिल्टर

माझ्या काकाला सगळे सूतभर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि काकाच्या तोंडी दिवसभर तेच माप. भिंतीवर कुणी घड्याळ टांगलं की हा दोन पावलं मागे सरकणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "सूतभर डावीकडे." पलंगावरची चादर एका बाजूने सूतभर खाली आलेली याला दारातून दिसते. काकू म्हणते, "अहो, झोपायचंय तिच्यावर. इंजिनाला नाही बसवायची."

इंजिनं उघडायची, घासायची, पुन्हा बांधायची, हा त्याचा धंदा. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे. तिला एकच खिडकी, आणि तिच्या काचेवर इतकं ग्रीस बसलंय की भर दुपारीही आत संध्याकाळ असते. मी शाळेत असल्यापासून त्या शेडमध्ये पडीक. आज लोखंड कातायचा लेथ माझ्याकडे आहे आणि निम्मं काम मीच ओढते, पण तेव्हा माझं काम एकच होतं, दिवा धरायचा. लांब वायरचा, जाळीवाला दिवा. काका इंजिनात डोकं घालून बसायचा आणि माझा हात जरा अवघडला की आतून ओरडायचा, "दिवा हलवू नको!" बरेच दिवस मला वाटायचं, माझं नावच ते आहे.

काकाचा स्वभाव तिरसट. मी त्याच्यावरच गेले आहे, असं काकू म्हणते आणि ते काही कौतुकाने म्हणत नाही. आम्हा दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजतंच. वाजलं नाही तर काकू कपाळाला हात लावून बघते, ताप आहे की काय म्हणून.

आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं बांधून झाल्यावर काकाने स्वतःसाठी एक गाडी करायला घेतली. भंगारातून एका जुन्या मोटारीचा सांगाडा उचलला, छप्पर कापून बुटकं केलं, मडगार्ड काढून टाकले, पुढची चाकं बारीक, मागची रुंद. हॉट रॉड म्हणतात असल्या गाडीला. अंगावर कपडा कमी आणि छातीत इंजिन मोठं. गल्लीच्या टोकाला राहणारा पेंटर तिच्या रंगासाठी हटून बसला होता. "मिस्त्री, लाल देतो. पोरंटोरं वेडी होतील," तो म्हणायचा. काका म्हणायचा, "आधी इंजिन. रंगावर गाडी चालत नाही."

इंजिन आठ सिलिंडरचं, आमच्या दोघांच्याही वयाहून जुनं. असा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ धड, आता शोधून सापडत नाही. काकाने तो मिळवला तेव्हा पहिल्या दिवशी नुसता हात फिरवत बसला होता. मशीनवरची सगळी कामं आम्ही उरकली. आणि मग घोडं अडलं ते तेलाच्या फिल्टरवर.

गोष्ट साधी आहे, कुणालाही कळेल. इंजिनात तेल फिरतं, आणि फिरता फिरता धातूचा बारीक कीस गोळा करतं. ते गाळावं लागतं. त्या जुन्या काळच्या इंजिनात गाळणं म्हणजे नुसता उपचार. पंप तेल सरळ बेअरिंगांकडे पाठवतो आणि बाजूची एक बारीक नळी त्यातलं थोडं तेल फिल्टरच्या डब्यात नेऊन पुन्हा खाली सोडते. म्हणजे एका वेळी थोडंसं गाळलेलं, बाकीचं कचऱ्यासकट. दुसरी पद्धत अशी, की ब्लॉकमधला तेलाचा रस्ता आतून बुचाने बंद करायचा, मागच्या कोपऱ्यात बाहेरून भोक पाडायचं, दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, जोडायचे आणि सगळंच्या सगळं तेल आधी फिल्टरमधून फिरवून मगच बेअरिंगला द्यायचं. इंजिनाचं आयुष्य त्याने कितीतरी वाढतं.

पण ते भोक पाडणं म्हणजे खेळ नाही. जागा अशी अडचणीची की मोठ्या ड्रिलिंग मशीनचं डोकं तिथे पोचत नाही. हातातल्या मशीनने, तिरकं, डोळ्याच्या अंदाजावर पाडायचं. जरा घसरलं की शेजारीच पाण्याचा मार्ग. तो फुटला की ब्लॉक भंगारात.

ही दुसरी पद्धत मला कुणी शिकवली? काकानेच. आमच्या शेडमध्ये आलेल्या अशा प्रत्येक जुन्या इंजिनाला त्याने स्वतः भोक पाडून दिलं होतं. एक गिऱ्हाईक "राहू द्या, जुनाच डबा बसवा" म्हणालं, तर काकाने त्याला विचारलं होतं, "घरी पाणी गाळून पिता का? की थोडं गाळता आणि बाकीचं तसंच घशाखाली?" गिऱ्हाईक मुकाट्याने भोकाला हो म्हणालं.

म्हणून त्या दिवशी काका जेव्हा म्हणाला, "या इंजिनाला जुना डबाच बसवू," तेव्हा मी लेथ बंद केला.

"कोणता डबा?"

"मूळचा. जे होतं तेच शोभतं."

"शोभतं? काका, गाडीचं छप्पर कापलंस, मडगार्ड फेकून दिलेस, आणि आता तुला मूळचं आठवलं?"

"तू मला शिकवू नको."

"तूच शिकवलंयस!"

पेंटर तेव्हा दारातच उभा होता. त्याला काकाची बाजू घ्यायची हुक्की आली. "डबा दिसतो छान. त्यावर मी क्रोमसारखी चांदी मारून देतो," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तुम्ही डब्यालाच काय, मिस्त्रींनाही चांदी मारा. फोटो काढून भिंतीवर लावू." पेंटर निघून गेला. काका हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर तो दुप्पट बोलतो. त्या दिवशी कोपऱ्यात जाऊन कपड्याने नटबोल्टचे पाने पुसत बसला, आणि पाने स्वच्छच होते.

पुढचे काही दिवस तेच. मी विषय काढायचा, त्याने उडवून लावायचा. कधी म्हणे, होज फुटतात. कधी म्हणे, ही गाडी काय रोज चालवायची आहे. एकेक कारण असं लंगडं की दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्याने त्याला शेडबाहेर काढलं असतं. मला रागही येत होता आणि कोडंही पडलं होतं. हा माणूस हट्टी आहे, पण कामचुकार कधीच नव्हता.

कोडं सुटलं ते केराच्या डब्यात. जुन्या पद्धतीत फिल्टरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक अगदी बारीक भोक लागतं, सुईपेक्षा जरा जाड, म्हणजे तिकडे जास्त तेल वाहून बाकीच्या तेलाचा दाब कमी होत नाही. ते तोंड काका स्वतः घरी करत होता, पितळेच्या तुकड्यातून. मी केर भरायला गेले तर डब्यात भोक पाडायच्या बारीक ड्रिल बिटांचे तुकडे. एक नाही, मूठभर. आणि पितळेचे तुकडे, त्यांची भोकं वाकडी, लांबट, काठ कुरतडल्यासारखे. ज्या माणसाचं एक बिट वर्षानुवर्षं टिकायचं त्याच्या केरात हे.

डबा तसाच हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. काकू भांडी विसळत होती. तिने डब्यात पाहिलं आणि नळ बंद केला.

"तुला आत्ता दिसलं?" ती म्हणाली.

"काय ते?"

"हात. उजवा. शर्टाची बटणं मी लावते सकाळी. चहा अर्धा कपच देते, सांडू नये म्हणून." तिने ओले हात पदराला पुसले. "डॉक्टरांनी नाव सांगितलंय. लांबलचक आहे, मला नीट म्हणता येत नाही. गोळ्या दिल्यात. कमी होईल म्हणाले, बरं होईल असं नाही म्हणाले."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती ह्यांनी. शेडमध्ये कळता कामा नये म्हणाले. बाकी कुठेही कळलं तरी चालेल, शेडमध्ये नको."

मी तिथेच स्टुलावर बसले. खूप वाईट वाटलं. त्याला फिल्टर नकोच होता असं नाही. त्याला ते भोक पाडता येणार नव्हतं, आणि पाडता येत नाही हे सांगायचंही नव्हतं. म्हणून आयुष्यभर ज्या पद्धतीला नावं ठेवली तिचीच तो वकिली करत होता. स्वतःच्या शेवटच्या इंजिनाला त्याने कचऱ्याचं तेल पाजायचं ठरवलं होतं, फक्त हात झाकायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेले तेव्हा काकाने इंजिन बांधून मिटवायची तयारी केली होती. गॅस्केट काढून ठेवलेली, बोल्ट ओळीने मांडलेले. एकदा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मधला फिरता दांडा, आत बसला की मग भोक पाडता येत नाही, आत कीस जातो.

"काका, थांब," मी म्हटलं. "आज बांधू नकोस."

"डब्याचं ठरलंय."

"हे इंजिन डब्यावर किती चालेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभा होता, सहज उभा असल्यासारखा. "मला पुरेल," तो म्हणाला.

खरं तर मला ओरडायचं होतं. पण मी म्हटलं, "तुला पुरेल रे. आणि तुझ्यानंतर? तुझ्यानंतर ही गाडी मीच चालवणार ना? मला नको का पुरायला?"

तो मग भिंतीतल्या कपाटाकडे गेला. त्याचं ते जड ड्रिल मशीन, ज्याला मी कधी हात लावलेला त्याला खपला नव्हता, दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. ठेवताना ते टेबलावर खडखडलं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं.

"खूण मी सांगतो," तो म्हणाला. "कोन मी सांगतो. पाड तू."

ब्लॉक स्टँडवर फिरवून मागचा कोपरा वर घेतला. तिथे अंधारच. काकाने जाळीवाला दिवा हुकावरून काढला आणि माझ्या खांद्यावरून धरला. त्याने दाखवलेल्या जागी मी लोखंडी पंचाने ठोकलेल्या खुणेवर, त्याने सांगितलेल्या कोनात, बिट टेकवलं.

उजेड लोखंडावर थरथरत होता. खूण क्षणात दिसायची, क्षणात सावलीत जायची. तो दिवा दुसऱ्या हातात घेईल म्हणून मी थांबले. त्याने घेतला, पण आता तोही हात स्थिर नव्हता. मी मान वळवली नाही. नुसती बिट टेकवून उभी राहिले.

"दिवा हलवू नको," मागून काका हळूच म्हणाला. स्वतःलाच. आवाज अगदी तोच, फक्त खूप लहान.

मग त्याने काकूला हाक मारली. "अगं, जरा ये. दिवा धर." ती आली. काही न विचारता दिवा घेतला. काका शेडच्या बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मी भोक पाडलं. सगळा जीव मनगटात आणून पाडलं. बिट आत गेलं, तेलाच्या मार्गाला मिळालं आणि पाण्याचा मार्ग शाबूत राहिला. केसाएवढं अंतर मोजणारा कॅलिपर लावून पाहिला. खूण जिथे होती तिथेच, केसाचाही फरक नाही. माझ्या आयुष्यातलं सर्वात नेमकं काम असेल ते. काकूने दिवा खाली केला आणि पदराने डोळे टिपले.

"काका, ये. बघ," मी हाक मारली.

तो आत आला. वाकला. नेहमी जसं करतो तसं करंगळी भोकात घातली, कड लागते का पाहायला. करंगळी आत लोखंडावर टकटक वाजत राहिली. त्याने ती काढली, एक डोळा मिटला, मागे सरकला.

"सूतभर वर गेलंय," तो म्हणाला.

कॅलिपर माझ्या हातातच होता. काकू माझ्याकडे बघत होती. मी कॅलिपर मिटून खिशात ठेवला.

"हो काका," मी म्हटलं. "गेलंय जरा."